कोब्यावरचा कीबोर्ड

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, सिमेंटच्या कोब्यावर, ऑईलपेंटनं सहा कीबोर्ड रंगवलेले होते. खरे कॉम्प्युटर तीनच, आणि तेही लाईन असेल तर. भारनियमन एक आठवडा सकाळचं असायचं, एक आठवडा दुपारचं, आणि अधूनमधून मनाला येईल तेव्हा. म्हणून पोरं व्हरांड्यात मांडी घालून बसत आणि रंगवलेल्या चौकोनांवर बोटं आपटत. मी चंद्रपूरची. विज्ञान शिकवायला या शाळेत रुजू झाले तेव्हा पहिल्याच दिवशी ते पाहून तोंडाला पदर लावून हसले होते. आरमोरीला खोली घेऊन राहणारी, रोज एस.टी.नं येणारी, नव्या नोकरीची नवी बाई; मला तेव्हा सगळ्याच गोष्टींचं हसू यायचं.

ते कीबोर्ड रंगवले होते शाळेच्या बाबूंनी. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणू लागले. अर्धं आयुष्य मराठी टाइपरायटरवर गेलेला माणूस. कॉम्प्युटर आले तेव्हा हात लावायला एकही शिक्षक धजेना, म्हणून भाऊंनीच ते शिकून घेतले आणि एका दोनशेपानी वहीत पायरी-पायरीनं उतरवून काढले. 'डाव्या हाताला खाली कोपऱ्यात जाणे. एकदा दाबणे. थांबणे. घाई न करणे.' तलावावर मासे धरणाऱ्यांच्या पोरी, जंगलातल्या गावांतून चालत येणारी गोंडांची पोरं, सगळ्यांना ती वही पाढ्यांसारखी पाठ होती. एका सुरात म्हणायची, थांबणे, घाई न करणे. लाईन आली की त्यांची बोटं अशी चालत की मला हेवा वाटे. भाऊंचं हे काम कुठल्याच आदेशात नव्हतं. कागदोपत्री ते बाबू होते आणि बाबूच राहिले.

एक गोष्ट मात्र त्यांना टोचायची. कॉम्प्युटरमधली सिस्टिम बल्लारपूरच्या कुणा दुकानदारानं घालून दिली होती आणि ती चोरीची कॉपी होती. हे भाऊंना मागाहून कळलं. तेव्हापासून तपासणीला साहेब आले की ते तिन्ही मशीनवर फुलाफुलांची चादर टाकत आणि लाईन नाही म्हणून सांगत. डोक्यावर पंखा गरगर फिरत असला तरी. साहेब एकदा पंख्याकडे बघत, एकदा भाऊंकडे बघत, चहा घेत आणि जात.

मग एक पत्र आलं. शाळांनी यापुढे मुक्त सिस्टिम वापरायची, तिची कॉपी कुणीही करावी, कुणालाही द्यावी, त्यात चोरी नाही. भाऊंनी ते पत्र उभ्या उभ्या चार वेळा वाचलं. चंद्रपूरला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. भाऊ हेडमास्तरांकडे गेले आणि मी जाऊ का म्हणून विचारलं. हेडमास्तर वाईट नव्हते, पण पत्रात शिक्षक असं लिहिलं होतं, आणि तुमचे आता राहिले किती दिवस, असं ते म्हणून गेले. एप्रिलअखेर भाऊ निवृत्त होणार होते. तेवढ्या तीन महिन्यांत नवी सिस्टिम हाती आली तर जाताना ते तेच भाऊ असणार होते. नाहीतर ऑफिसच्या कोपऱ्यात धूळ खाणाऱ्या टाइपरायटरशेजारी आणखी एक अडगळ. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं मी आज म्हणू शकत नाही.

चंद्रपूरला मी गेले. निघायच्या आदल्या दिवशी भाऊंनी मला एक नवी वही दिली, खाकी कव्हर घातलेली. पहिल्या पानावर त्यांनी समास आखून एक ते वीस आकडेसुद्धा घालून ठेवले होते.

"बाई, तिथी जे सांगतीन ते पायरी-पायरीनं लिहून आणजा. एखादी पायरी सुटली का मंग मले समजत नाई."

तीन दिवस मी माहेरी राहिले, आईच्या हातचं खाल्लं. प्रशिक्षणात बी.एड.ची मैत्रीण भेटली, आम्ही मागच्या बाकावर बसलो आणि पोटभर गप्पा मारल्या. शिकवणारा जे दाखवत होता ते इतकं सोपं वाटलं की लिहायचं काय, असं झालं. मी एक अक्षर लिहिलं नाही. परत आल्यावर भाऊंनी वहीचं विचारलं तेव्हा सांगितलं की लिहिलंय, पण फार गिचमिड झालंय, नीट उतरवून देते. वही स्टाफरूमच्या कपाटात सरकवली.

सिस्टिम मीच घातली. सीडी टाकली आणि विचारेल त्याला होय, होय करत गेले. भाऊ हात मागे बांधून उभे होते. त्यांनी वर्षानुवर्षं टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका, दाखल्यांचे नमुने, पोरांच्या सहलीची पत्रं, सगळं त्या होयमध्ये पुसलं गेलं. आधी काढून ठेवायला हवं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मला सुचलं नाही. खुर्चीवर बसून त्यांनी आपलं नाव टाइप करून पाहिलं. अक्षरांच्या जागाच बदललेल्या. पडद्यावर भलतंच काहीतरी उमटलं आणि मागे एक पोरगी खुदकन हसली. भाऊ उठले, पँटला बोटं पुसली आणि पोरांना म्हणाले की उद्यापासून बाई शिकवतील. मला तेव्हा, खरं सांगते, बरं वाटलं होतं.

ते बरं वाटणं आठवडाभरही टिकलं नाही. मार्च लागला, मोहफुलं वेचायच्या दिवसांत शाळा निम्मी रिकामी झाली. उरलेली पोरं सवयीनं व्हरांड्यात बसून जुन्याच अक्षरांवर बोटं आपटत, आणि आत मशीनवर ती बोटं चुकत. मी त्यांना ओरडे. मग ती विचारत की आता कुठे दाबायचं, आणि मला आठवत नसे. चंद्रपूरला जे इतकं सोपं होतं त्यातलं अर्धंही माझ्या डोक्यात उरलं नव्हतं. एका मुलीनं अगदी सरळपणे विचारलं की भाऊच्या वहीसारखी वही नाही का बाई तुमच्याकडे. मी तिला वर्गाबाहेर काढलं. तिचा काय दोष होता? अजूनही ती पोरगी डोळ्यांसमोर येते, व्हरांड्यात खाली मान घालून उभी.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी कपाटातून वही काढली, आठवेल तेवढं लिहून टाकू म्हणून. एक ते वीस आकडे होते आणि त्यांच्यापुढे काही नव्हतं. पाच मिनिटं पेन धरून बसले. मग वही घेऊन भाऊंच्या टेबलाशी गेले आणि सांगून टाकलं की मी काही लिहिलं नव्हतं, तुम्हाला खोटं बोलले.

भाऊ हजेरीपट भरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मले मालूम हाये, बाई. ते कपाट मीच तं झाडतो."

मला रडू आलं. ते रडणं थांबेपर्यंत त्यांनी रकाना पुरा केला, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "चाला. तुम्ही दाबून पाहा, मी लिहितो."

पुढचे पंधरा-वीस दिवस आम्ही तेच केलं. लाईन असेल तेवढा वेळ मी एकेक गोष्ट उघडून पाहायची, चुकायची, परत यायची, आणि भाऊ आकड्यांपुढे लिहायचे. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते असं म्हटलं तर लोक हसतील, हसू देत. एका शनिवारी भाऊंनी रॉकेलनं कोबा घासून जुनी अक्षरं काढली आणि गुडघ्यांवर बसून नवीन रंगवली. रंग वाळायच्या आत एक बकरी चालून गेली. तिच्या खुराचा ठसा एका कीबोर्डवर कायमचा राहिला आणि तिथेच बसायला पोरांत भांडणं होऊ लागली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तपासणी आली. शिपाई सवयीनं चादर घेऊन आला. भाऊंनी ती त्याच्या हातून घेतली, चौघडी केली आणि आपल्या खुर्चीवर ठेवली. तिन्ही मशीन उघडी, पोरं कामाला लागलेली. साहेब खूश झाले. वही चाळत त्यांनी विचारलं, हे कोणी तयार केलं? हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाऊंकडे पाहिलं.

"बाईनं शिकून आणलं चंद्रपूरवरून," भाऊ म्हणाले. "मी फक्त उतरून घेतलं."

मी काही बोलले नाही. बोलायला पुरेसा वेळ होता. साहेबांनी दोन पानं उलटली, चहा आला, पोरांनी कविता टाइप करून दाखवली, आणि मी गप्प उभी होते. पुढच्या महिन्यात माझ्या नावाचं प्रशस्तिपत्र आलं, तोवर भाऊ शाल-नारळ घेऊन घरी गेले होते.

भाऊ वारले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. ते प्रशस्तिपत्र चंद्रपूरला आईच्या घरी फ्रेममध्ये आहे. कुणी आलं की आई अजून ते दाखवते, माझ्या पोरीनं जंगलातल्या शाळेत कॉम्प्युटर शिकवला म्हणून सांगते, आणि मी आत चहा ठेवायला जाते.