एकाआड एक सूत्र

आमच्या घरी सकाळ व्हायची ती सूत्रांनी. अन्नपूर्णेच्या देवळाची घंटा नंतर, दूधवाला त्याच्याही नंतर. त्याआधीच गॅलरीत दोन लोकरी आसनं समोरासमोर पडलेली असत, एकावर बाबा, एकावर आई. बाबा एक सूत्र म्हणत, आई पुढचं म्हणे, बाबा त्याच्या पुढचं. संस्कृत व्याकरणाची सगळी सूत्रं, ठरलेल्या क्रमानं, एकाआड एक. बाकीची नवराबायको सकाळी चहा पितात, पेपरची ओढाओढ करतात, भांडतात. माझे आईबाबा एकमेकांना व्याकरण ऐकवायचे.

बाबा शाळेत संस्कृत शिकवत. लहानपणी पाठशाळेत त्यांनी सूत्रं पाठ केली तीही अशीच जोडीनं, कारण एकट्यानं म्हणणाऱ्याची चूक पकडणार कोण? पाठशाळा सुटली तसा तो जोडीदारही सुटला. मग लग्न होऊन आलेल्या आईला त्यांनी समोर बसवलं. आई गौतमपुऱ्याची, शेतीवाल्या घरातली, आठवी पास. नातेवाईक हसले. अर्थ तिला फारसा कळत नसे, आणि ती तसं सांगायचीही, पण कान तयार झाला तसं तिचं पाठांतर पक्कं झालं. मी त्यांची एकुलती एक मुलगी, आणि संस्कृतात जेमतेम पास. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मीच.

पाठाचे नियम कडक होते. रोज एक पाद, म्हणजे अध्यायाचा चौथा हिस्सा. कोणी चुकलं तर तिथून पुढे जायचं नाही, पादाच्या पहिल्या सूत्रापासून परत सुरू करायचं. दुसऱ्यांदा चुकलं तर पाठ त्या दिवशीपुरता बंद, उद्या तोच पाद. सुरू केलेली फेरी, म्हणजे पहिल्या सूत्रापासून शेवटच्यापर्यंतचा सगळा पाठ, अर्धवट टाकून घर सोडायचं नाही. आमच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या, मामाकडची लग्नं, सगळं त्या फेरीच्या तालावर चालायचं आणि मी त्यावरून पुष्कळ आदळआपट केलेली आहे. आणि त्रयोदशीला पाठ नाही. ज्यानं ही सूत्रं रचली त्याला म्हणे त्रयोदशीलाच सिंहानं मारलं, म्हणून व्याकरणवाले त्या दिवशी व्याकरणाचा शब्द काढत नाहीत. अन्नपूर्णेच्या देवळाच्या दारात हत्तींचे पुतळे आहेत. त्यांच्या मागे तो सिंह दडून बसलेला असणार, अशी लहानपणी माझी खात्री होती.

गेल्या वर्षी बाबा गेले. दुपारी जेवले, आडवे झाले आणि उठलेच नाहीत. फेरी शेवटच्या पादात अडकलेली होती.

तेरा दिवस झाले, पाहुणे गेले. मी आईला म्हटलं, आता माझ्याकडे चल. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, आमच्या इमारतीला लिफ्ट आहे. इथं दोन मजले चढायचे, आणि आईचे गुडघे अन् रक्तदाब दोन्ही बोलायला लागलेले. जिन्यात एकदा घेरी येऊन ती बसली होती, दूधवाल्यानं हात धरून वर आणलं. ती नाही म्हणाली नाही. तिनं बॅगसुद्धा भरली आणि दाराशी ठेवली. फक्त म्हणाली, "फेरी पुरी होऊ दे, मग येते."

"कोणाबरोबर पुरी करणार तू?" मी विचारलं. माझी जीभ तशी तिखटच.

"ज्यांच्याबरोबर सुरू केली त्यांच्याबरोबर," ती म्हणाली आणि भांडी आवरायला गेली.

मला वाटलं, म्हातारं माणूस, चार दिवसांत विसरेल. चार दिवसांनी मी आईकडे गेले तेव्हा दूधवाल्यानं मला खाली गाठलं. "दीदी, अम्माजी सुबे-सुबे किसको डाँटती हैं? बाऊजी तो अब हैं नी।" त्याच्या आवाजात कुतूहल नव्हतं, भीती होती. त्या संध्याकाळी मी कपडे घेऊन आईकडे राहायला आले.

पहाटे जाग आली ती तिच्या आवाजानं. मी दाराच्या आडोशाला उभी राहिले. गॅलरीत दोन्ही आसनं घातलेली होती. आई आपल्या आसनावर ताठ बसली होती आणि समोरच्या रिकाम्या आसनाकडे बघत होती. काही वेळ शांतता. मग तिनं एक सूत्र म्हटलं. परत शांतता. मग पुढचं. ती फक्त आपल्या वाटची सूत्रं म्हणत होती. बाबांच्या वाटची जागा ती मोकळी सोडत होती.

दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवर तो पाद उघडून उभी राहिले. का, ते मलाही सांगता येत नाही. चूक काढायची खोड असेल, ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुकाच काढते. बाबांचं सूत्र दोन अक्षरांचं असलं तर आईची शांतता एका श्वासाएवढी. ते लांबलचक असलं तर ती तेवढीच लांब, आणि सूत्र जिथं संपावं तिथं आईची मान किंचित हलायची, समोरच्याचं पटल्यासारखी. एकदाही ती लवकर सुरू झाली नाही की उशिरा. मी मनातल्या मनात बाबांचं सूत्र वाचायची आणि ते संपताक्षणी तिचं सुरू व्हायचं. मला स्वतःच्या आईची भीती वाटली, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आणि मग पादाच्या शेवटाजवळ ती मध्येच थांबली, गुडघ्यावर हात आपटला आणि म्हणाली, "चुकलात. अहो, परत चुकलात. चला, पहिल्यापासून."

रिकाम्या आसनाला.

ती जागा मला आठवली. एकसारख्या शेवटाची दोन सूत्रं तिथं जवळजवळ येतात. पहिलं म्हणता म्हणता जीभ दुसऱ्यावर जाते आणि मधली सूत्रं गळून पडतात. पाठ म्हणणाऱ्यांचा हा नेहमीचा खड्डा. बाबा त्यात जन्मभर पडत आले. लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या मी आईचं ते "चुकलात" ऐकायची आणि डोक्यावरून पांघरूण घ्यायची, कारण आता पाद परत पहिल्यापासून आणि चहाला उशीर. आता गेलेले बाबाही तिथंच चुकत होते. पहिल्यांदा चुकत, परत म्हणताना दुसऱ्यांदा चुकत, पाठ बंद होई, आणि दुसऱ्या दिवशी तोच पाद. फेरी तसूभर पुढे सरकत नव्हती. दाराशी बॅग तशीच.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आईला वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात कमी करायला लावलं. आईनं सगळं बरोबर सांगितलं आणि वर त्यांना विचारलं, "आप थक गए क्या?" बाहेर आल्यावर मला म्हणाली, "तुला वाटतं मी पागल झाले नं? टेन्शन नको घेऊ."

मग त्रयोदशी आली. त्या दिवशी आसनं गुंडाळलेलीच राहिली. आई उशिरा उठली आणि स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून रडली, मोठ्यानं, कोणी नुकतंच गेल्यासारखी. "गेले गं," म्हणाली, "साधं पाणीसुद्धा मागितलं नाही." दिवसभर ती बाबांच्या वस्तूंना हात लावत फिरली. मी तिला जवळ घेतलं आणि दोघी पुष्कळ रडलो. दुसऱ्या पहाटे परत दोन्ही आसनं, परत "चुकलात".

तेव्हा मला बाबांनी एकदा सांगितलेलं आठवलं. सूत्रांच्या शेवटच्या तीन पादांचा कायदा निराळा आहे. तिथं ध्वनी बदलतात, न चा ण होतो, एक वर्ण शेजारच्यासारखा होऊन बसतो. पण पुढच्या सूत्रानं जे केलं ते मागच्या सूत्राला दिसत नाही. त्याच्या लेखी ते घडलेलंच नसतं. मी शाळकरी होते, मला हा शुद्ध खोटेपणा वाटला. "घडलंय तर दिसत कसं नाही?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "जो आधी होऊन गेला, त्याला नंतरचं कुठून कळणार?" आई त्या शेवटच्या पादात बसून होती. तिथं बसून असेपर्यंत बाबांचं जाणं तिच्या लेखी घडलेलं नव्हतं.

हे कळलं, पण कळून आईला जिना थोडाच उतरवता येतो? मी ठरवलं, बाबांच्या वाटची सूत्रं मी म्हणायची. फक्त त्या एका पादातली. कोणीतरी म्हटलेली मोबाइलवर मिळाली, ती कानात घालून मी ऑफिसला जाऊ लागले. राजवाड्याच्या गर्दीत, ऑटोवाल्यांच्या कचाट्यात स्कूटीवर बसून मी सूत्रं पुटपुटायची आणि शेजारचा म्हणायचा, "मॅडम, सिग्नल खुल गया." पन्नाशीला आलेल्या बाईला जे बापाच्या हयातीत जमलं नाही ते तो गेल्यावर करावं लागत होतं. मला त्यांचा रागही यायचा आणि आठवणही यायची, दोन्ही एकदमच.

एका पहाटे मी गॅलरीत गेले आणि आईच्या पहिल्या शांततेत बाबांचं सूत्र म्हटलं. आई दचकली. तिनं रिकाम्या आसनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ही मला हाकलणार.

"त्यांच्या आसनावर बसू नको," ती म्हणाली. "फरशीवर बस. आणि ण नीट म्हण, जीभ वर लाव."

मी फरशीवर बसले. पुढचे कितीतरी दिवस मी चुकत होते, कुठेही, कशीही, आणि आई मला बिनदिक्कत पहिल्यापासून म्हणायला लावत होती. मधल्या शांतता आता नव्हत्या. दूधवालाही निवांत झाला, "अब ठीक है," म्हणाला. मला मात्र ठीक वाटत नव्हतं. मी बोलत असताना आई माझ्याकडे बघायची नाही, आसनाकडेच बघायची, आणि मी तोंड उघडायच्या आत तिथून कोणीतरी श्वास घेतंय असं मला वाटायचं.

मग तो दिवस आला. पाद पहिल्यापासून सुरळीत चालला होता. एकही चूक नाही. त्या खड्ड्याची जागा आली आणि मला दोन्ही सूत्रं लख्ख दिसत होती, कुठलं आधी, कुठलं नंतर. त्याच्यापुढे थोडीच सूत्रं होती. सगळ्यात शेवटचं तर नुसतं एक अक्षर, दोनदा म्हणायचं, आणि ते बाबांच्या वाटचं. ते मी म्हटलं की फेरी पुरी, बॅग उचलायची, कुलूप लावायचं. महिनोन्‌महिने मी याचसाठी घसा कोरडा केला होता.

मी समोरच्या आसनाकडे पाहिलं. त्याची मधली लोकर बसून बसून झिजलेली होती. ते शेवटचं अक्षर मी म्हटलं की बाबांसाठी ठेवलेली जागा या घरात उरणार नव्हती. माझी जीभ दुसऱ्या सूत्रावर गेली. घसरली असं मी म्हणू शकते, पण ती घसरली नाही. मी तिला जाऊ दिलं.

"चुकलीस," आई म्हणाली.

मी मान खाली घातली. तिनं लगेच पहिल्यापासून सुरू करायला सांगितलं नाही. बराच वेळ ती माझ्याकडे, आसनाकडे नाही, माझ्याकडे बघत राहिली.

"ते पण इथंच चुकायचे," ती म्हणाली. "एवढे शिकलेले, दुसऱ्यांच्या पोरांना शिकवणारे, आणि याच एका जागेवर जन्मभर चुकले. पाद संपला की मी उठायचे नं चहा ठेवायला. मग त्यांची शाळा, माझं स्वयंपाकघर, दिवस संपला."

"मुद्दाम चुकायचे? तुला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले असते," आई म्हणाली, "तर चुकायचं बंद केलं असतं त्यांनी."

तिनं हात लांब करून बाबांचं आसन माझ्याकडे सरकवलं. मी त्यावर बसले आणि पादाचं पहिलं सूत्र म्हटलं.