एकच सेट

अमरावतीत आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सवाल्या काकांचं दुकान होतं. आता तिथे मोबाइल विकतात. प्रवेशाचे ऑनलाइन फॉर्मही काकाच भरून देत. गुणपत्रिका असो की निबंध, मशीनच्या काचेवर पालथं घालण्याआधी ते प्रत्येक कागद ओठ हलवत वाचत आणि प्रवेशाचा अंदाज सेटच्या आकड्यात सांगत. नक्की मिळणार असेल, तर कागदपत्रांचा एकच सेट. धाकधूक असेल तर दोन. "तीन काढून ठेव पोरी, दुसरीकडंबी लागन," असं म्हणाले की समोरची मुलगी रडकुंडीला यायची. त्यांचा अंदाज चुकल्याचं आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

पुण्याच्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजचा फॉर्म भरायला मी गेले, तेव्हा बाबा सोबत होते. आमच्या गावाहून, वलगावहून आणलेला झेंडू बाजारात टाकून ते तसेच आले होते, शर्टाला पाकळ्या चिकटलेल्या. त्या कॉलेजात जागा मोजक्या आणि अर्ज देशभरातून.

"भाऊ, पोरीले भेटन काय तिथं?" बाबांनी विचारलं.

काकांनी माझा निबंध दोनदा वाचला. चष्मा पुसला. मग माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, "एकच पुरे हाय."

परतीच्या एसटीत बाबांनी शेजारच्या माणसाला सांगूनही टाकलं, "पोरगी पुण्याले चालली."

घरी आल्यावर मी काकांनी दिलेलं झेरॉक्सचं पाकीट उघडलं. आत तीन सेट होते.

बाबांना मी एकच दाखवला.