हळद लावलेली फटफटी

फटफटीचा तो तपास माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. मध्यंतरी नातीने दारात गाडी आणून उभी केली, तेव्हा तर तो जसाच्या तसा समोर आला. गाडी नवी कोरी, पण घडण जुन्या काळची. बसायची जागा खाली, हँडल रुंद, टाकी गोलसर आणि आवाज सावकाश बोलणाऱ्या माणसासारखा. नात म्हणाली, "आजोबा, असली गाडी तुम्ही कधी पाहिली नसेल." मी म्हटलं, "पाहिली आहे. हरवलेली शोधूनसुद्धा काढली आहे."

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं होतं. मी साताऱ्याकडचा माणूस, फौजदार म्हणून बदली होऊन बुलढाणा जिल्ह्यात आलो होतो. माझं ठाणं चिखलीच्या बाजूला होतं. गुन्हे म्हणावे तर धुऱ्याची, म्हणजे बांधाची भांडणं, हातभट्टी, बाजारातले खिसेकापू. सकाळी हजेरी, दुपारी कागद, संध्याकाळी गस्त. अशात श्रावणाच्या अखेरीला एक तरुण पाटील घामाघूम होऊन ठाण्यात आले आणि म्हणाले, "साहेब, माही फटफटी चोरीले गेली."

ती फटफटी सगळ्या परिसराला ठाऊक होती. युद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेली, परदेशी घडणीची, म्हशीएवढी थोराड. फिर्यादीत वर्णन लिहायचं म्हणून मी खुणा विचारल्या, तर पाटील बोलतच सुटले. टाकीवरचा पोचा, सीटचं चामडं, पाय पुढे टाकून मागे रेलून बसायची तऱ्हा. "बसलं का मानूस राजाच होते साहेब. मलकापूरचा घाट चढते तं वाटते का वर नेऊनच सोडते." लिहून लिहून आमच्या जमादाराचा हात दुखला. तो त्याच भागातला, सेवानिवृत्तीला टेकलेला आणि जिभेला हाड नसलेला. मला हळूच म्हणाला, "बायको हरवली असती तं एवढ्या खुना सांगतल्या नसत्या यायनं."

पाटलांचा संशय त्यांच्या सालदारावर होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. हा तर पाटलांच्या वडिलांच्या हाताखाली वाढलेला, बैलांची जोडी तोच सांभाळायचा. फटफटी कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, बैलांशेजारीच असायची आणि दुपारी तिथे त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. पाटलांनी चावडीवर चार माणसांत त्याला चोर म्हटलं होतं. एकदा चोर ठरला की पंचक्रोशीत त्याला दारात कोण उभं करणार? त्या माणसाचं सगळं जगणं त्या एका शब्दावर आलं होतं.

पंचनाम्याला गेलो आणि माझं कुतूहल चाळवलं. चोरीच्या आदल्या रात्री पाऊस झालेला. कोठ्यासमोर काळ्या मातीचा चिखल, त्यात बैलांच्या खुरांचे आणि बैलगाडीच्या चाकांचे ठसे. फटफटीच्या चाकाचा ठसा मात्र कुठेच नाही. बरं, तिचा आवाज असा की सुरू केली तर शेजारच्या गावाला कळावं. भरदुपारी कोणी काही ऐकलं नव्हतं. जमादार म्हणाला, "भुतानं नेली असन साहेब, डोक्यावर घेऊन."

सालदाराला चौकशीसाठी बोलावलं. चाळिशीचा, काटक, डोळे जमिनीकडे.

"फटफटी कुठं आहे?"

"मी बैलाचा मानूस हाव साहेब. मले तिच्यातलं काय समजते?"

"कोणी चोरली?"

"चोरली असं मी काही म्हनलो नाई."

हे उत्तर मला खटकलं. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, शपथा घेतो, दुसऱ्याचं नाव पुढे करतो. हा शब्द मोजून देत होता. जमादाराने आवाज चढवून पाहिला, मी गोडीगुलाबीने विचारून पाहिलं, पण गडी ढिम्म. संध्याकाळी सोडताना त्याने एकच गोष्ट विचारली. "साहेब, पोळ्याले मले आत टाकसान का? मी नसलो तं जोडीचे खांदे कोन चोळीन?"

त्यानंतर मी त्याला रोज ठाण्यावर बोलवत राहिलो आणि रोज एक गंमत पाहत राहिलो. दुपारी पाटलांचे वडील, ज्यांना सगळा गाव आबा म्हणे, पायी चालत यायचे आणि त्याला भाकरी-ठेचा द्यायचे. फिर्यादीचा बाप संशयिताला जेवू घालतो, हे मी नोकरीत पहिल्यांदाच पाहत होतो. "आबा, तुमच्या घरात चोरी करणाऱ्याला भाकर?" असं मी विचारलं, तर म्हातारा माझ्याकडे न बघता म्हणाला, "उपाशी मानसाची चौकशी करू नाई साहेब." आणि फडकं झटकून निघून गेला.

इकडे पाटील हातघाईवर आले होते. "पोळा झाला का त्याले अटक करा. नाही तं मी बुलढान्याले मोठ्या साहेबाकडे जाऊन राह्यलो." अटक केली असती तर कोर्टापुढे उभं करावं लागलं असतं आणि मग माझ्या हातात काही उरलं नसतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी खबर आली, तीही अगदी सहज. पाटलांच्या शेताला लागून भाजीपाला पिकवणारा एक माळी बाजाराला जाता जाता ठाण्यात पाणी प्यायला थांबला. गप्पांच्या भरात म्हणाला, "त्या दिवशी पाटलाची कडब्याची गाडी वावरात जाऊन राह्यली होती साहेब. आबा गाडीवर अन् सालदार मांगं. मले हसूच आलं. पावसाळ्यात कोनी घरचा कडबा वावरात नेते काय?"

मी शेतकऱ्याचाच मुलगा. कडबा शेतातून घरी येतो आणि पावसाळ्यात तर घरच्या गंजीवरून हलत नाही. उलटा निघालेला कडबा म्हटल्यावर मी पेला खाली ठेवला. फटफटी चालत गेलीच नव्हती, कोठ्याच्या दारालाच लावलेल्या बैलगाडीत, कडब्याखाली बसून गेली होती! चिखलात तिचा ठसा कसा उमटणार? पण आबा गाडीवर कशाला? आपल्याच मुलाची वस्तू कोण चोरतं?

दुपारनंतर जमादाराला घेऊन मी साध्या कपड्यांत त्या गावात गेलो. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले खांदे लोणी-हळदीने चोळायचे, पळसाच्या पानांनी शेकायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. पाटलांच्या अंगणात सालदार जोडीचे खांदे चोळत होता, तळहात पिवळेजर्द झालेले. शेजारी आबा वाटी धरून उभे. बैलांचं झालं, आवतन दिलं गेलं. वाटीत थोडं लोणी उरलं होतं. आबांनी ते पळसाच्या पानाने झाकलं आणि एकटेच शेताच्या वाटेला लागले. पाटलांच्या घरची दुसरी जोडी नव्हती, हे मला पंचनाम्यापासून माहीत होतं.

दिवस मावळायला अजून अवकाश होता. चार दिवसांची उघाड असल्याने गाडीवाट वाळलेली होती. आम्ही अंतर राखून मागे गेलो. शेतातल्या झोपडीत आबांनी कडब्याच्या पेंढ्या बाजूला केल्या. आत फटफटी उभी होती. म्हातारा तिच्यासमोर उकिडवा बसला, वाटीत बोटं बुडवली आणि हँडलची दोन्ही टोकं चोळू लागला. ज्या मायेने सालदार बैलांना चोळत होता, त्याच मायेने.

मी पुढे झालो. आबा दचकले नाहीत. म्हणाले, "या साहेब. सालदारानं सांगतलं काय?"

"त्याने तोंड उघडलं नाही."

"उघडनारच नाई. म्या त्याले शब्द घातला होता. पाप माहं हाय."

"पण आबा, लपवायची होती तर लपवलीत. मग हिचे खांदे कशाला चोळता?"

म्हाताऱ्याने वाटी खाली ठेवली. "मी रातचा बाजारातून येतो साहेब. गाडीत झोप लागते. पन बैल कसे, मालक झोपला तरी त्याले घरी आनतेत. हे घर वळखत नाई. पोरगं घाटातून येते अन् मी वेशीपाशी बसून राह्यतो, आवाज येते काय म्हनून. मांगच्या म्हयन्यात कोपर सोलून आला. इकून टाक म्हनलं, तं आयकत नाई. म्हनून दडवली. सालदारावर आळ येईन हे म्या ध्यानातच नाई घेतलं. उद्या पोळा झाला का तुमच्यापाशी येऊन सांगनार होतो." मग हँडलवरून हात फिरवत म्हणाले, "मंग म्हनलं, हळद लावून पाहू. घरचं जनावर समजून लावली, तं घर वळखीन."

मी पुष्कळ जबाब घेतले. असा जबाब कुठल्या कलमात बसवायचा, हे मला त्या दिवशी कळलं नाही.

मुद्देमाल ठाण्यात न्यायला हवा होता. मी म्हटलं, "चला आबा, आधी हिला घर दाखवू." नको नको म्हणत ते मागे बसले. किक मारली, तर तिने दोनदा खोकून तिसऱ्यांदा जो हुंकार दिला, तो बुडाखालून थेट छातीत आला. पाय पुढे गेले, पाठ मागे रेलली आणि पाटील राजा का म्हणत होते ते मला पटलं. घाई करावीशीच वाटेना. माझ्या खांद्यावरची आबांची पकड सुरुवातीला चिमट्यासारखी होती, वेशीपर्यंत ती सैल झाली. हँडलच्या लोण्याने माझे हात घसरत होते, तेवढाच काय तो धोका.

आवाज ऐकून सगळा गाव बाहेर आला. पाटील पळत आले आणि मागे बसलेल्या बापाला बघून जागीच थांबले. आबा सावकाश उतरले, पाटलांना म्हणाले, "घे. म्याच नेली होती. आता हिले घर मालूम झालं." आणि वळून सालदाराजवळ गेले. सगळ्यांसमोर त्याच्यापुढे हात जोडले. सालदाराने ते घाईघाईने धरले. दोघांचेही हात हळदीचे.

मी पाटलांना एवढंच सांगितलं, "चोर हा शब्द तुम्ही चार माणसांत टाकलात. तो चार माणसांतच उचला." दुसऱ्या दिवशी पोळ्याच्या तोरणाखाली पाटलांनी सालदाराला स्वतःच्या हाताने फेटा बांधला आणि चुकलो म्हणाले. बैलांच्या रांगेच्या शेवटी फटफटी उभी होती, हँडलला झूल बांधून. फिर्याद गैरसमजातून दिली गेली असा अहवाल पाठवून मी कागद बंद केला.

त्या प्रकरणाने मला एक सवय लावली. गुन्ह्यामागे लोभ किंवा वैर शोधायला आम्हाला शिकवतात. त्यानंतर मी भीती आणि मायाही शोधू लागलो, आणि पुष्कळदा ती सापडली.

निवृत्तीनंतर मी चिखलीलाच घर केलं. आता नात तिची गाडी घेऊन देऊळगाव राजाकडे कामाला जाते. मी अंगणात खुर्ची टाकून बसतो. पेपर समोर असतो, पण कान रस्त्याकडे. यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी मी हँडलला लोणी-हळद लावत होतो, तेवढ्यात ती मागे येऊन उभी राहिली.

"आजोबा, हे काय? कायद्याचा माणूस तुम्ही, आणि गाडीला हळद!"

मी चोळत राहिलो. म्हटलं, "नवीन आहे अजून. घर ओळखत नाही."