खिशात चावी, रस्त्यावर गाडी

माझ्या दुकानात पत्र्याचा एक डबा आहे. बनवून घेतलेल्या, पण कोणी न्यायला न आलेल्या चाव्या मी त्यात टाकतो. किस्स्यांचंही तसंच होतं. लोक ते दुकानात विसरून जातात आणि डबा भरत राहतो.

अमरावतीत मी चाळीस वर्षं चाव्या बनवतो. पूर्वी कानस चालवायचो. आता रिमोटचं काम सून वंदना मशीनवर करते. मला त्यातलं काही कळत नाही. नियम मात्र माझा आहे : गाडीचा कागद आणि मालक, दोन्ही समोर असल्याशिवाय चावी नाही. या धंद्यात एकदा नाव गेलं, की कुलूप आपल्याच दुकानाला!

*

अकोल्याचे जावई आले. गाडीची चावी हरवली होती. मी कागद मागितला.

वंदना हळूच म्हणाली, "बाबा, असं काहून करता? घरचे जावई आहेत!"

"जावई आपले आहेत. गाडी कोणाची आहे?"

जावई लाजले. गाडी त्यांच्या भावाची निघाली! चहा दोनदा पाजला, चावी भाऊ आल्यावरच दिली.

*

मंगल कार्यालयातून फोन आला. मी आणि वंदना गेलो, तर एक गुरुजी पांढऱ्या गाडीसमोर घामाघूम होऊन रिमोट दाबत होते.

"नवी गाडी अन् ऐकूनच नाई राहिली!"

"काका, आणखी एकदा दाबा," वंदना म्हणाली आणि हसायलाच लागली. "ऐकून राहिली ना! तुमची गाडी मागून ओ देऊन राहिली!"

मागे दुसरी पांढरी गाडी दिवे मिचकावत उभी होती.

*

वरूडचे बापूराव संत्र्यांचे व्यापारी. कुलूप लावलं की ओढून पाहायची त्यांची जुनी सवय. नवी गाडी अशी, की चावी खिशात असली म्हणजे हँडल ओढताच दार उघडतं. बापूरावांनी गाडी लॉक केली, दहा पावलं गेले, परत येऊन हँडल ओढलं. उघडलं! पुन्हा लॉक, पुन्हा ओढलं. पुन्हा उघडलं!

थेट आमच्याकडे आले. "हे कुलूप नाई, दरवान आहे! मले पाहून सलाम ठोकते!"

वंदनाने गाडी लॉक केली आणि चावी त्यांच्याकडून घेऊन दुकानात आत ठेवली. "आता ओढा."

दार हललं नाही. बापूरावांनी अकरा वेळा ओढलं. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

*

पुढे त्यांना कोणीतरी सांगितलं, की चोर घराबाहेरूनच चावीचा सिग्नल पकडतात. वंदनाने चावी स्टीलच्या डब्यात ठेवायला सांगितली, म्हणजे सिग्नल बाहेर जात नाही. बापूरावांनी ठेवली, आणि चोराला कळू नये म्हणून वर शंकरपाळे भरले. घरात कोणालाच सांगितलं नाही.

त्यांच्या बायकोने, कमलबाईंनी, तो डबा अकोल्याला बहिणीकडे पाठवून दिला!

बहिणीचा फोन आला, "शंकरपाळे मस्त झाले, पण एक लय कडक निघाला!"

*

मग बापूरावांनी वंदनाकडून गाडीत जीपीएस बसवून घेतलं. गाडी कुठे आहे ते फोनवर दिसतं, इंजिनही फोनवरून बंद करता येतं.

त्याआधीच एकदा ते ट्रकसोबत बाहेरगावी असताना कमलबाई दुकानात आल्या होत्या. गाडी चालवायला ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मॅडम होत्या.

"भाऊ, मले माही वेगळी चावी पायजे. लायसन भेटलं का पयले तुमाले गाडी दाखवाले आणीन. तवापर्यंत त्याइले सांगू नका."

मी कागद पाहिला. बायकोच्या नावाने घेतली की बरकत येते, म्हणून बापूरावांनी गाडी कमलबाईंच्याच नावावर केली होती. मी चावी दिली आणि शब्दही दिला.

परवा सकाळी बापूराव धावतच आले. ट्रक घेऊन ते अमरावतीच्या बाजारात आले होते. एका हातात चावी, दुसऱ्या हातात फोन. "गाडी वरूडवरून निघाली, अन् आता अमरावतीत घुसली! चावी माह्याजवळ, अन् गाडी कोण चालवून राहिलं? वंदनाबाई, इंजिन बंद करा!"

वंदनाने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. "चालती गाडी बंद करू नये, बापूराव. आत माणूस असतो."

"माणूस? चोर आहे थो! तुमी कोणाले चावी देल्ली काय?"

दुकानासमोर लोक जमले. चाळीस वर्षांचं नाव होतं. एक नाव सांगितलं असतं, तर मी सुटलो असतो.

"दिली," मी म्हणालो.

"कोणाले?"

"मालकाला."

"मालक मी हाओ!"

"कागद काढा, बापूराव."

ते पोलिसांचा नंबर लावायला लागले, तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. गाडी हळूहळू आली आणि दुकानासमोर नीट उभी राहिली. कमलबाई उतरल्या. मला लायसन दाखवलं. घामाने हात ओला होता, पण चेहरा असा फुलला होता, की माझेच डोळे भरून आले.

 बापूरावांनी गाडीला वळसा घालून पुढचं दार उघडलं.

कमलबाई म्हणाल्या, "मागं बसा. समोर संत्र्याचं कॅरेट हाय, त्याले बेल्ट लावला हाय."