आत्याने भरून दिलेला ढावलो

आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा ती यवतमाळच्या छापखान्यातून गठ्ठ्याने आणायचे आणि तांड्यातांड्यांवर वाटायचे. हुंडा देऊ नका, हातभट्टी लावू नका, पोरींना शाळेत घाला. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि त्यांतच गुंडाळलेल्या भाकरी खाल्ल्या. म्हणून गोड गोड लिहिणं मला जमत नाही.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा हुंड्याचा प्रश्नच नव्हता, बाबांनी ते आधीच मिटवलं होतं. प्रश्न होता ढावल्याचा. आमच्या गोर, म्हणजे बंजारा, समाजात सासरी निघताना नवरी डोक्यावरून ओढणी घेते, एकेकाच्या गळ्यात पडते आणि रडत रडत गाते. तेच ढावलो. आईचं कडवं आईच्या गळ्यात, बापाचं बापाच्या. जिला येत नाही तिचं काळीज दगडाचं समजतात. हल्ली तर दहा मोबाईल वर धरलेले असतात, आणि संध्याकाळपर्यंत दिग्रसपासून नेरपर्यंत सगळ्यांना कळतं की कोणाची पोरगी कशी रडली.

ताईला ढावलो येत नव्हता. ती पाचवीपासून वसतिगृहात. बाबांनी आमच्याशी मुद्दाम मराठीच बोलायचं ठरवलं होतं, म्हणजे शाळेत मागे पडणार नाही. आईला ‘याडी’ म्हणतो तेवढीच गोरबोली आमच्या तोंडात उरली. वसतिगृहात पोरी ताईला तांड्यावरची म्हणून हसायच्या आणि तांड्यावर आली की बाया विचारायच्या, “काय वं मॅडम, चुलीत फुंकर मराठीत मारतं का?” तिच्या होणाऱ्या सासूने साखरपुड्यातच सांगून ठेवलं होतं, “आम्ही पैसा नाही मांगितला. पण पोरगी रडली पाह्यजे, आमच्या माणसाईसमोर.”

मी म्हणाले, सक्तीचं रडणं हाही हुंडाच आहे, नको गाऊस. ताई म्हणाली, “तू भाषण देशील आणि घरी जाशील. जन्मभर टोमणे मलाच खायचेत.”

तांड्यात ढावलो म्हणावा तर आत्यानेच. बाबांची थोरली बहीण. तिने आवाज लावला की पुरुषमाणसंही पागोट्याचा शेव डोळ्याला लावतात. ताई तिच्याकडे गेली, पाया पडली आणि रेकॉर्डिंग लावून मोबाईल पुढे धरला. आत्याने एकेक ओळ म्हटली, प्रत्येक ओळीनंतर थांबली.

“मी थांबली तेवढ्यात तू म्हणाचं. पह्यलं याडीचं. ते झालं की बापाच्या गळ्यात पड. मंग बापाचं.”

“आत्या, अर्थ काय याचा?”

“अर्थ कायले पाह्यजे तुले? साहेबाची पोरगी तू. आवाज आला की म्हणून टाक.”

युक्ती ताईची होती. ओढणीखाली कानात बिनवायरचे इअरबड्स, मोबाईल माझ्या हातात. मी मागे उभी राहणार, आत्या कानात सांगणार, ताई गाणार. त्यासाठी आम्ही नेरच्या मोबाईलच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने काउंटरवर डब्या मांडल्या आणि डीजेचं गाणं लावलं. “बेस पाहा ताई, बेस! छातीत धडधड होते.” आम्हाला धडधड नको होती. ताईने आपला मोबाईल जोडला. त्याने एक बड स्वतःच्या कानाला लावला आणि दचकून काढला.

“बाप्पा! हे काय लावलं? कोणी मेलं काय?”

“लग्नाचं गाणं आहे,” ताई हसत म्हणाली.

पहिल्या जोडीत आत्या पत्र्याच्या डब्यात बसून गात असल्यासारखी वाटली. दुसरीत ठोके मोठे आणि आवाज त्यांच्या मागे दबलेला. शिवाय तिच्या लांब दांड्या ओढणीतून दिसल्या असत्या. तिसरी आखूड होती, पण ओढणी घासली की तिला बोट लागल्यासारखं वाटायचं आणि गाणं बंद पडायचं. चौथीला दाबायचं खरंखुरं बटण होतं. बाहेरचा गोंगाट अडवायची सोयही होती. ती चालू केली तर रस्त्यावरच्या एसटीचा हॉर्नसुद्धा लांब गेला आणि मधोमध फक्त आत्या उरली. तिचा श्वास, तिच्या बांगड्या, शब्द न शब्द.

मग माप. सोबतच्या रबरी टोप्यांपैकी मोठी ताईला दुखली, मधली सैल झाली, लहान घट्ट बसली. तिने मान हलवली, वाकून पाहिलं, माझ्या गळ्यात पडून हुंदके द्यायची नक्कल केली. बड जागचा हलला नाही. दुकानदार म्हणाला, “कुस्ती खेळाची हाये काय?” आम्ही दोघी पोट धरून हसलो. ताई इतकी मोकळी हसलेली ती त्या महिन्यातली एकच वेळ.

लग्नाच्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. ताईने ओढणी पुढे ओढली, मी बाजेमागे उभी राहिले आणि गाणं सुरू केलं. याडीचं कडवं तिने असं म्हटलं की मघाशी तोंड वाकडं करणाऱ्या बाया पदर डोळ्याला लावू लागल्या. सासू मान डोलवत होती. ताई जिंकली होती.

मग ती बाबांच्या गळ्यात पडली.

दुसऱ्याच ओळीला डफ थांबला. एका म्हातारीने तोंडावर हात घेतला. नवरदेवाकडच्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. याडी धावली, ताईचा दंड ओढून काहीतरी म्हणाली. पण ताईच्या कानात आत्याशिवाय कोणी नव्हतंच. तिला वाटलं, याडीला हुंदका आवरत नाही. तिने बाबांना आणखी घट्ट धरलं आणि पुढची ओळ आणखी उंच लावली. काय झालं ते मला कळत नव्हतं. मी अंगठा बंद करायच्या खुणेवर नेला, तेवढ्यात बाबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. थांबवू नको. ताईच्या कानातला बड त्यांच्या गालाला लागला असणार; मध्येच थांबली असती तर ओढणीखालचं सगळं उघडं पडलं असतं. ते शेवटच्या ओळीपर्यंत उभे राहिले आणि ताईच्या डोक्यावर हात ठेवून होते.

गाडी गेल्यावर याडीने मला अर्थ सांगितला. बाप मेलेल्या पोरीचं कडवं होतं ते. ‘बापू, तुझं अंगण मुकं झालं. तुला माती देऊन वर्ष झालं, आता मला वाटेला कोण लावील?’ ताईने ते जित्या बापाच्या गळ्यात पडून, सबंध तांड्यापुढे म्हटलं होतं.

आत्या चुकत नसते. ताईला वसतिगृहात घातलं त्या वर्षी ती बाबांना म्हणाली होती, “पोरगी माह्यापाशी ठेव, माह्या मागं कोणीतरी गाणारी पाह्यजे.” बाबांनी उत्तर पत्रकातून दिलं. ‘रडगाणी सोडा, पाटी धरा.’ आत्याला वाचता येत नाही. कोणीतरी तिला ते चावडीवर मोठ्याने वाचून दाखवलं आणि लोक हसले. बाबांनी तिची उभी हयात एका ओळीत मोडीत काढली, हे मला मान्य आहे. पण सूड बाबांवर घ्यायचा तर बाबांच्या तोंडावर घ्यायचा होता. ताईच्या तोंडाने कशाला?

पहिल्या माहेरपणाला ताई आली तेव्हा बड्सची डबी माझ्या हातात देऊन म्हणाली, “फेकून दे.” सासरी तिचं नाव पडलं आहे, बापाला खाल्लेली. सासू भाजीला मीठ कमी पडलं तरी म्हणते, “जित्या बापाले माती देणारीच्या हाताले काय चव राहीन?” तिने बाबांना फक्त एक विचारलं, “मला थांबवलं काहून नाही?” त्यांचा आता अर्धांगवायू झालेल्या माणसासारखा कारभार आहे. बसवलं की बसतात. पत्रकांचा नवा गठ्ठा तसाच सुतळीत आहे.

मी डबी फेकली नाही. ती घेऊन आत्याकडे गेले आणि ओट्यासमोर उभी राहून होतं नव्हतं ते सगळं बोलले. आत्या तूर पाखडत होती. माझं संपल्यावर तिने सूप खाली ठेवलं आणि हात पुढे केला.

“दाव तं, कसं ऐकू येते त्यात.”

काहून दिलं मला माहीत नाही. बहुतेक तिला लाज वाटेल असं वाटलं. तिने बड कानात घातला, मी गाणं लावलं. तिने ते पुरतं ऐकलं, बापाचं कडवंसुद्धा, डोळे मिटून आणि मांडीवर हलकेच ताल धरून. मग मान डावी-उजवीकडे हलवून पाहिली.

“साफ हाये. श्वासबी ऐकू येते. बसतेबी चांगलं, पडत नाही.”

बड काढून तिने पदराला पुसला, डबीत ठेवला आणि झाकण लावलं.

“जपून ठेव वं. तुह्या लग्नात तं बापाचं कडवं खरंच कामी पडन. तुह्या बापाची तब्येत पाह्यली मी परवा.”

आणि तिने सूप उचललं.