कुणाला सांगायचं नाही असं ऑपरेशन

कुवेतच्या सबाहियात सबीकाच्या घरी जाऊन "नको, पोट भरलंय" म्हणून कोणी सुटला, असं आजवर झालेलं नाही. बालवाडीत शिक्षिका होती तेव्हाही पर्समध्ये खजुराची बिस्किटं असायचीच. रडणारं मूल मांडीवर घ्यायचं आणि त्याच्या तोंडात काहीतरी घालायचं. कॉलेजात मुलांच्या मनाबद्दल बरंच शिकवलं होतं, पण कामाला एवढंच आलं, असं ती हसून सांगायची.

नवरा साखरेनं गेला. आधी पायाचं बोट गेलं, मग पाऊल, मग किडन्या थकल्या, आणि साठी गाठायच्या आत माणूसच गेला. मोठा मुलगा बद्र लग्न करून वेगळा राहतो. घरात उरल्या दोघी, सबीका आणि मुलगी अनूद. अनूद अंगानं जड, शाळेत रसायनशास्त्र शिकवते. प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर, आणि तो एक मजला चढून गेलं की तिला मुलींकडे पाठ करून फळा पुसत उभं राहावं लागे, धाप जाईपर्यंत. दुपारी ती आडवी झाली की सबीका दारात उभी राहून ऐकायची. घोरणं मध्येच थांबायचं, श्वासही थांबायचा, आणि मग बुडणारं माणूस वर यावं तसा तो परत यायचा. तेवढ्या वेळात सबीकाचा जीव अर्धा व्हायचा.

एके दिवशी अनूद रक्ताच्या तपासणीचा कागद घेऊन आली आणि सरळच म्हणाली, "यम्मा, बाबांची साखर माझ्यात आलीय. मी पोटाचं ऑपरेशन करून घेणार."

"कसलं ऑपरेशन?"

"पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी करतात, ते."

"कापून! पोट म्हणजे काय पडदा आहे, खिडकीला लांब झाला म्हणून कापला?"

"अगं, अर्ध्या कुवेतनं करून घेतलंय."

"म्हणूनच तर! उरलेल्या अर्ध्या कुवेतची नजर तुझ्यावरच आहे."

महिनाभर दोघींचं वाजलं. शेवटी डॉक्टरच म्हणाले, की आत्ता वजन उतरलं तर साखर मागे हटण्याची चांगली आशा आहे, दहा वर्षांनी ती तशी राहणार नाही. ते ऐकून सबीका कबूल झाली. पण तिनं एक अट घातली. कुणाला म्हणजे कुणाला कळता कामा नये. साखरपुडा, बाळ, नवं घर आणि ऑपरेशन, या गोष्टी पार पडेपर्यंत बोलायच्या नसतात. दृष्ट लागते. विशेषतः लूलवा आत्याच्या घरी तर चकार शब्द नाही.

लूलवा म्हणजे सबीकाची थोरली नणंद, उम्म मिशारी, म्हणजे मिशारीची आई. शुक्रवारचं सगळ्या घराचं जेवण तिच्याकडे असतं आणि तिथे बोललेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सौदीच्या सीमेपर्यंत पोचलेली असते.

ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे अनूदला फक्त पातळ पदार्थ. यकृत जरा आक्रसलं की डॉक्टरांना आत जागा मिळते, असं आहारतज्ज्ञ रिहाबनं समजावलं. ही सीरियाची तरुण मुलगी, बोलायला गोड आणि ऐकवायला कडक. "खाला," सबीकाला मावशी म्हणत ती बोलली, "ऑपरेशन भूक लहान करतं, सवयी लहान करत नाही. त्या तुम्हा दोघींना कराव्या लागतील."

"मला कशाला? मी कुठे कापून घेतेय?"

"स्वयंपाक कोण करतं?"

सबीकानं ओढणी सारखी केली आणि खिडकीबाहेर बघितलं.

ऑपरेशन झालं ते दुर्बिणीतून. पोटावर बोटाच्या पेराएवढ्या चार-पाच चिरा, बाकी काही दिसेना. शेजारच्या खोलीत तेच ऑपरेशन झालेली एक बाई होती. तिच्या दाराशी फुलांचे उंच हारे, चॉकलेटची चांदीची तबकं, कॉफीचे थर्मास आणि दहा-बारा नातेवाईक. जिला घोटभर पाण्याचीही मोजणी, तिच्या उशाशी चॉकलेटचा डोंगर! अनूदच्या खोलीत मात्र एक खुर्ची आणि त्यावर सबीका. केरळची नर्स दोनदा विचारून गेली, "तुमचे कोणी येणार आहेत ना?"

"रस्त्यात आहेत," सबीका दोन्ही वेळा म्हणाली.

शुद्धीवर आल्यावर अनूद कण्हायला लागली ती पोटानं नाही. "यम्मा, पोट कापलं ना? मग खांदा का दुखतोय?" नर्सनं सांगितलं, पोट फुगवायला आत सोडलेल्या हवेचा तो त्रास, चालल्यानं कमी होईल. त्याच संध्याकाळी सलाईनचा खांब ढकलत मायलेकी व्हरांड्यात चालल्या. पाणी प्यायचं ते औषधाच्या इवल्या पेल्यातून, एक घोट आणि मग थांबायचं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, ताप आला, पोटात थांबता न थांबणारी कळ आली किंवा नाडी धावायला लागली तर सकाळची वाट पाहू नका. कापलेल्या शिवणीतून क्वचित कुणाचं आत झिरपतं, आणि ते लवकर कळलं तरच बरं.

ते 'क्वचित' सबीकाच्या डोक्यात घर करून बसलं. घरी आल्यावर ती सारखी अनूदचा हात हातात घ्यायची. अनूदला वाटे, आई माया करतेय. आई नाडी बघत असायची.

पहिले दिवस गाळलेलं सूप, मग दूध आणि ताक, मग घोटलेली मसूर. एका दुपारी अनूद चमचाभर मसुरीसमोर बसून ढसाढसा रडली. "भूक नाहीये यम्मा. पण मला जेवायचंय. शाळेतून दमून आलं की मी जेवत होते, कुणाशी भांडण झालं की जेवत होते. आता काय करू?" रिहाबनं हेही आधीच सांगून ठेवलं होतं. मन काही काळ रुसतं, म्हणाली होती, कारण त्याची जुनी मैत्रीण गेलेली असते. सबीका उठली. हात सवयीनं डब्याकडे गेला आणि तिथेच थांबला. मुलगी रडतेय आणि तिला काही भरवायचं नाही, हे तिला जमतच नव्हतं. ती नुसती जवळ बसली. बराच वेळ दोघींना त्याचं अवघडल्यासारखं झालं, मग नाही झालं.

दोन शुक्रवार 'पोटात जंतू झालाय' म्हणून निभावले. तिसऱ्या आठवड्यात लूलवाचा फोन आला.

"सबीका, जंतू आहे की उंट? इतके दिवस पोटात बसून करतोय काय? या शुक्रवारी पोरीला घेऊन ये, नाहीतर मीच येते सगळ्या बायकांना घेऊन."

सगळ्या बायका घरी येण्यापेक्षा आपण गेलेलं बरं, असं सबीकानं ठरवलं. अनूद म्हणाली, "यम्मा, सांगून टाकूया ना."

"अजून वर्ष जाऊ दे. तू नुसती बस. भात इकडून तिकडे सारत राहा."

पण लूलवाच्या घरी नुसतं बसता येत नाही. जमिनीवर जेवणाची चादर, सुफरा, अंथरलेला, मधोमध मोठं तबक, त्यात केशरी भाताच्या ढिगावर अख्खं कोकरू, भोवती बायकांचं कोंडाळं. लूलवा आपली गुडघ्यावर उभी. हातानं मांस तोडायचं आणि जिच्या तिच्या पुढ्यात सारायचं. घरच्या मोठ्या बाईनं स्वतःच्या बोटांनी पुढ्यात ठेवलेला घास परतवणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं.

"खा गं अनूद! जंतूनं गाल खाल्ले तुझे. उम्म बद्र, काय उपाशी ठेवतेस की काय लेकीला?"

सगळ्या हसल्या. अनूदनं आईकडे बघितलं. डोळ्यांत सरळ प्रश्न होता. आते-चुलत बहिणी बघत होत्या. सबीकाच्या तोंडात खरं येऊन थबकलं आणि तिच्याच कानांना परके वाटणारे शब्द बाहेर पडले, "घे एक घास. आत्या देतेय."

अनूदनं घेतला. आत्यानं लगेच दुसरा पुढे केला. इतक्या नजरांसमोर सावकाश कोण चावणार? तिनं तोही गिळला आणि उतरेना म्हणून वर ताकाचा घोट घेतला.

क्षणात तिचा रंग उतरला. एक हात छातीवर, दुसरा आईच्या मनगटावर. तोंडात लाळ दाटली आणि गिळता येईना. सबीकानं नाडी धरली. नाडी धावत होती. डॉक्टरांचं 'क्वचित' तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"ऑपरेशन झालंय तिचं!" सबीका ओरडली. "पोटाचं! जंतू नव्हता काही, मी खोटं बोलले! कुणीतरी गाडी काढा!"

सगळ्यांचे हात तबकावरच थांबले. एक पोरगी पाण्याचा पेला घेऊन धावली, तर लूलवा कडाडली, "पाणी नको! अडकलेल्यावर पाणी ओतलं की आणखी चढतं. मिशारी, गाडी! आणि अनूद, ताठ बस बाई, पुढे वाक. ओकारी आली तर येऊ दे, अडवू नकोस. किती दिवस झाले?"

"तिसरा आठवडा," सबीका म्हणाली.

"तिसऱ्या आठवड्यात तिला कोकरू खाऊ दिलंस?"

"तुम्हीच भरवलंत!"

"मला कुठे ठाऊक होतं?"

सबीकानं लेकीच्या कमरेत हात घालून तिला उठवलं.

गाडीत मागच्या सीटवर मधे अनूद, दोन बाजूंना दोघी. वाटेत अनूदला उलटी झाली, दोन्ही घास जसेच्या तसे बाहेर आले आणि तिनं डोकं आईच्या खांद्यावर टाकलं. तोंडाला जरा रंग आला. सबीकाचे ओठ दुआ पुटपुटत होते. मधेच ती थांबली.

"उम्म मिशारी, तुम्हाला एवढं कसं माहीत?"

लूलवानं पुढे गाडी चालवणाऱ्या मुलाकडे पाहिलं, मग म्हणाली, "ऐकू दे त्यालाही. माझा भाऊ गेला त्याच वर्षी मी करून घेतलं. मक्केला, उमऱ्याला जाते म्हणून सांगितलं होतं ना सगळ्यांना?"

"उमरा?" मिशारीचा पाय ब्रेकवर गेला.

"रस्त्यावर बघ! नंतर खरंच जाऊन आले. अल्लाहची माफीही तिथेच मागितली." ती सबीकाकडे वळली. "इतक्या वर्षांत शुक्रवारी मला जेवताना पाहिलंयस कधी?"

सबीका आठवू लागली. लूलवा भरवताना दिसली, रागावताना दिसली, रिकामी तबकं उचलताना दिसली. तिचा हात स्वतःच्या तोंडाकडे गेलेला काही आठवेना.

"दुसऱ्याच्या पुढ्यात मांस ढकलत राहिलं की आपल्या पुढ्यात कोण बघतंय," लूलवा म्हणाली. "ऑपरेशननंतरच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या कपाटात लपवायची, मग विसरायची. कोणी बघेल म्हणून तपासणीलाही गेले नाही. आता बोटांना मुंग्या येतात, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते. नजरेपासून लपले खरी, पण शरीरापासून कुठे लपणार?"

अनूदनं डोळे न उघडताच आत्याचा हात धरला.

दवाखान्यात ताप नव्हता. नाडी हळूहळू खाली आली. औषध गिळायला लावून फोटो काढले, शिवण शाबूत होती, कुठे काही झिरपत नव्हतं. घास अडकला होता, इतकंच. सलाईन लावून रात्रीपर्यंत ठेवून घेतलं. डॉक्टर रागावले ते अनूदवर नाही. "घरात किती जणांना माहीत आहे?" त्यांनी विचारलं. "आता सगळ्यांना," सबीका म्हणाली, आणि तिला एकदम हलकं वाटलं. डॉक्टर निघाले तशी लूलवानं त्यांची बाही धरली. "थांब मुला, माझंही रक्त तपासून घे."

त्यानंतरच्या शुक्रवारी मोठ्या तबकाशेजारी दोन लहान बश्या आल्या. काटे काढून कुस्करलेला मऊ मासा, आधी तो, मग जागा उरली तर भाताची दोन शितं. पाणी जेवणानंतर बऱ्याच वेळानं. दोघी आत्या-भाची इतकं सावकाश चावत, की बाकीच्या बायकांची कॉफी संपायची. "गायी बऱ्या," मिशारी म्हणाला आणि दोघींकडून शिव्या खाल्ल्या.

सगळं सरळ झालं नाही. चौथ्या महिन्यात अनूदचे केस ओंजळीनं गळायला लागले, आणि सबीकाला वाटलं, लागली दृष्ट. रिहाब म्हणाली, हे बहुतेकींचं होतं, प्रथिनं आणि गोळ्या सोडू नका, परत येतील. मग वजनाचा काटा एक महिनाभर हललाच नाही, तेव्हा अनूदनं काटा पलंगाखाली सरकवला आणि समुद्रकाठी चालायला जायला लागली. दंडाची कातडी सैल पडली, ती आहेच. पण डॉक्टरांनी साखरेच्या गोळ्या आधी अर्ध्या केल्या, मग थांबवल्या. तपासण्या मात्र जन्मभर, त्या चुकवायच्या नाहीत, असं बजावूनच.

परवा सहकारी भांडारात तांदळाच्या पोत्यांपाशी शेजारीण उम्म तलाल भेटली. "सबीका, अनूद केवढी उतरली, माशाअल्लाह! काय केलं? डाएट?"

सबीकाची जीभ जुन्या वाटेला लागलीच होती. तिनं ती आवरली.

"ऑपरेशन. पोट लहान केलंय."

उम्म तलालनं इकडेतिकडे पाहिलं आणि जवळ सरकली. आवाज पार खाली गेला. "माझ्या तलालचं पुढच्या महिन्यात आहे. झोप उडालीय गं माझी. त्याला काही झालं तर? अजून कुणालाच सांगितलेलं नाही, त्याच्या बायकोच्या माहेरीसुद्धा नाही. तूही नको हं बोलूस."

"मी नाही बोलणार. तूच बोल," सबीका म्हणाली. "सगळ्या गावाला नको. पण तो ज्यांच्या ताटावर बसतो, त्यांना आधी सांग. सासूलासुद्धा. आणि संध्याकाळी त्याला आमच्याकडे पाठव, अनूद सांगेल काय काय होतं ते. रडूही येतं, तेही सांगेल."

उम्म तलालनं डोळे पुसले. दोघींनी मिळून तांदळाचं पोतं ढकलगाडीत चढवलं. मग तिथेच उभं राहून तिनं फोन काढला आणि विहिणीचा नंबर लावला.