सासूबाईंची पिशवी आणि माझी टेप

सासूच्या पोटाला खोक्याची टेप लावणारा चाकणमधला मी एकटाच जावई असेन.

झालं असं. सासूबाईंच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढलं. तिथं भोकाची चकती चिकटवायची, चकतीला पिशवी. सगळं त्या पिशवीत येणार. पोटावरच्या त्या भोकाला म्हणे स्टोमा म्हणतात. पिशवी गळेल ह्या भीतीनं सासूबाईंनी जेवणच सोडलं! "पोटात गेलंच न्हाई, तर पिशवीत यील कुठनं?" दिवसाला चतकोर भाकरी. हाडं वर आली. बायको चुलीपुढं गुपचूप रडायची. (आमच्याकडं गॅस हाय, पण रडायला चूलच म्हणायची.)

ऑपरेशनपासनं त्या आमच्याकडंच ऱ्हायला, त्यात आमच्यात सासू जावयाशी सरळ बोलत न्हाई. मी समोर बसलेला असायचो आन् त्या भिंतीकडं बघून म्हणायच्या, "पाव्हण्यांना चहा पायजे का इचार गं!"

एके दिवशी बायको फर्स्ट शिफ्टला गेलेली. मी सेकंडला, म्हणून घरी. आतल्या खोलीतनं आवाज आला, "कुणीतरी पाव्हण्यांना सांगा, पिशवी निघाली!"

कुणीतरी म्हणजे कोण? घरात आमी दोघंच!

"मामी, मी येऊ का?"

मग बारीक आवाजात, "या. पण डोळं मिटून या."

डोळं मिटून गेलो, दाराला कपाळ आपटलं, तवा डोळं उघडायची परवानगी मिळाली.

मी कंपनीत पॅकिंगला. दिवसभर खोकी कापतो. मला काय अवघड? चकतीला मस्त ऐसपैस भोक कापलं, मोकळं बसलं पायजे ना! ओल्या कातडीवरच चिकटवली. पाच मिनिटांत गळायला लागली. आन् आमच्या खात्यात गळती म्हणलं की एकच इलाज. घरात कंपनीची टेप होती. (कशी आली ते इचारू नका.) पोटाभवती गुंडाळली. अजून गळतंय? अजून एक येढा!

"पाव्हणं, श्वास घिऊ द्या की!"

भिंतीला न्हाई, मला म्हणाल्या!

मग घाबरलो. रिक्षा केली. दर खड्ड्याला टेप चर्र करायची, आन् त्या माझं मनगट धरायच्या.

दवाखान्यात सिस्टरनं पदर बाजूला केला आन् बघतच राहिली.

"हे कोणी लावलं?"

"मी."

"ह्यावर काय छापलंय माहितीये?"

"मला वाचता येत न्हाई, सिस्टर."

"नाजूक माल, सांभाळून हाताळा. आणि बाण खाली केलाय तुम्ही. माल उलटा ठेवलाय!"

सासूबाई हसल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. "सिस्टर, लाज वाटती गं. पोटाला असलं भोक."

सिस्टर तेल लावून टेप सोडवत होती. "भोक कसलं आजी? स्टोमा म्हणजे तोंड. ग्रीक लोकांचा जुना शब्द आहे. झाडाच्या पानाला पण अशी बारीक बारीक तोंडं असतात, त्यातनं झाड श्वास घेतं. झाड लाजतं का? तुम्हाला एक तोंड जास्त मिळालंय. पण वरच्यानं खाल्लं नाही, तर खालचं काय करेल?" मग तिनं मापानं भोक कापलं, कातडी कोरडी केली, नवी पिशवी लावली. थेंब न्हाई!

परतताना सासूबाईंनी इडलीच्या गाडीपाशी रिक्षा थांबवायला लावली. "दोन प्लेट इडली घ्या. एक माझी." इडली कुस्करून बसल्या जेवायला. मला इतका आनंद झाला की मी रिक्षावाल्याला सगळंच सांगायला लागलो. भोक, टेप, बाण, तेल...

"पाव्हणं," सासूबाई म्हणाल्या, "मला दोन तोंडं हायती. पण दोन्ही मिळून तुमच्या एकाएवढी गळत न्हाईत!"

आन् उरलेली इडली त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात कोंबली. रिक्षावाला म्हणतो, गळती तिथंच थांबली.